मागणार की पाडणार

ड्रुसिला पेक माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं: "मिशी कापा, नाहीतर माझ्याशी बोलू नका."

मिसेस प्राउटींच्या खानावळीत आम्ही जेवायला समोरासमोर बसायचो. मी कितीतरी दिवस तिच्याकडे मीठ मागत होतो आणि ती माझ्याकडे नुसती बघत राहायची. मला वाटलं, बाई शिष्ट आहे. ती बहिरी आहे, ओठ बघून बोलणं ओळखते आणि माझे ओठ मिशीच्या झुडपात दडलेत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा आवाज सपाट होता, चढउतार नसलेला, आणि असं काही फाडकन बोलली की सगळं टेबल गप्प व्हायचं. मला राग आला. मिशी मी बोहेमियाहून जपत आणली होती. तरी दुसऱ्या दिवशी मी ती कातरली. मिसेस प्राउटी म्हणाल्या, "प्रोफेसर, पैज हरलात की काय?"

प्रोफेसर म्हणजे मी. मी कुठं शिकवत नव्हतो. पण लॉस एंजलिसमध्ये तेव्हा हातात वाद्य असलेल्या प्रत्येकाला प्रोफेसरच म्हणत. माझं काम एवढंच, की नटनटी कॅमेऱ्यापुढं उभे राहिले की बाजूला उभं राहून व्हायोलिन वाजवायचं, म्हणजे त्यांना रडू येईल. मूकपट असला तरी सेटवर कधी शांतता नसायची. माझं व्हायोलिन, कॅमेऱ्याचा खडखडाट आणि या सगळ्यावर दिग्दर्शक स्ट्राउडचा पत्र्याचा भोंगा: "रड! आता वर बघ! आता त्याचा तिरस्कार कर!" या गोंगाटात नट काय बोलतात ते कुणाला ऐकू येत नसे, आणि त्याची कुणाला फिकीरही नव्हती. नंतर पाटीवर हवं ते वाक्य लिहून मध्ये चिकटवलं की झालं.

ड्रुसिला चिकटवणाऱ्या बायकांपैकी होती. फितीचे तुकडे खरवडायचे, केळ्यासारखा वास येणारा डिंक लावायचा, दाबून धरायचं. खालून दिवा लावलेल्या काचेवर फीत ठेवून भिंगातून बघायचं, की ते सगळे ओठ तिला वाचता यायचे. नेब्रास्कात लहानपणी लाल ताप आला आणि कान गेले, तेव्हापासून ती तोंडंच वाचत आली होती. जेवताना ती मला सांगायची. "आज नायिका वेदीपुढं गुडघे टेकून देवाला काय म्हणत होती सांगू? 'हे बूट मला चावतायत.'" कधी मेलेल्या बापाच्या उशाशी बसलेला मुलगा बापाच्या तोंडाला कांद्याचा वास येतो म्हणून शिव्या देत असायचा. मी हसून हसून बेजार व्हायचो. ती हसायची नाही. मी हसतो कसा ते बघत राहायची.

ती घाबरट नव्हती, पण एका गोष्टीची तिला भयंकर भीती होती. पाठ फिरवलेल्या माणसाची. पाठ फिरवून दोघं बोलायला लागले, की तिचा चेहरा पांढरा पडायचा. एकदा तिनं मला सांगितलं, "प्रोफेसर, तुम्हाला मागून गाडी आलेली कळते. मला सगळं समोरूनच यावं लागतं." म्हणून ती खानावळीत भिंतीला पाठ लावून बसायची आणि रस्त्यानं चालताना सारखी वळून बघायची. लोक तिला चक्रम म्हणत. मीही म्हटलं असेल.

त्या वर्षी आमच्याकडे प्रेमाच्या चढाओढीचा एक पट चालला होता. एक शिक्षिका, तिच्यावर जीव टाकणारा जंगलातला रखवालदार आणि तिच्याच मागं लागलेला लाकूड गिरणीचा मालक. गिरणीवाला तिला कड्यावरून ढकलतो, रखवालदार दोरानं वर ओढतो, लग्न, शेवट. शिक्षिका होती अल्थीया. गिरणीवाल्या दुष्टाचं काम करायचा लायमन ट्रेस्क. खऱ्या आयुष्यात हा माणूस मुंगीलाही वाट देणारा. नायक होता हॅडन क्रे. त्याची हनुवटी एवढी सुरेख, की तिच्यामागं डोकं असलंच पाहिजे असं कुणाला वाटतच नसे.

पडद्याबाहेरही मामला तोच होता, फक्त उलटा. अल्थीयाचं मन लायमनवर बसलं होतं. हॅडनला ते पटत नव्हतं. पडद्यावर नेहमी आपल्यालाच मिळते ती बाई, तोंडाला पीठ फासलेल्या त्या खलनायकाबरोबर दुपारचं सँडविच वाटून खाते, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

एके दिवशी ड्रुसिला जेवायला आली आणि ताटाला शिवलीच नाही. मिसेस प्राउटींनी वाढलेला रस्सा निवत पडला. मग ती माझ्याकडे सरकून म्हणाली, "सोमवारी हॅडनचा एकट्याचा तुकडा घेतला. झाडाआडून त्या दोघांकडे बघतो तो. तुम्ही तिथं होतात?"

"त्याच्या अगदी शेजारी. का?"

"तो काय बोलला?"

"मी वाजवत होतो, बाई. माझ्या कानाखाली व्हायोलिन होतं. आणि स्ट्राउड बोंबलत होता, 'जळ! जळ! काय वाटेल ते बोल!'"

"तो बोलला," ती म्हणाली. "'शनिवारी कड्यावर मी तिला मागणार.' नाहीतर मग 'शनिवारी कड्यावर मी तिला पाडणार.'"

मी म्हटलं, या दोन्हींत काही फरक आहे की नाही?

"तुमच्या कानाला आहे. ओठांवर नाही." तिनं माझ्यासमोर तोंड नेलं आणि आवाज न काढता दोन्ही शब्द बोलून दाखवले. ओठ मिटले, उघडले, आ झाला, संपलं. मी मूर्खासारखा बघत राहिलो. कुठला कुठला ते मला कळलं नाही. "म आणि प इथं सारखेच," ती ओठांवर बोट ठेवून म्हणाली. "ग आणि ड आत होतात, जिभेच्या मागं. ते मला कधीच दिसत नाहीत. एरवी मी मागच्यापुढच्यावरून ओळखते. इथं मागंपुढं काहीच नाही. मी तो तुकडा दिवसभर पुढं-मागं ओढून बघितला."

"मागणारच असेल. मागणी घालणार असेल. सगळा स्टुडिओ तेच म्हणतोय."

"असेल," ती म्हणाली. "पण मागणी घालायची म्हटल्यावर माणसाचे डोळे असे दिसतात का हो?"

मला त्या रात्री झोप आली नाही, हे मी कबूल करतो. तिचं म्हणणं मला खरं वाटलं म्हणून नाही. ते खोटं आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं म्हणून.

ती स्ट्राउडकडे गेली. आपल्या आवाजाची लाज सोडून गेली, ही तिच्या दृष्टीनं मोठी गोष्ट होती. स्ट्राउडनं ऐकून घेतलं आणि तिथल्या सगळ्यांना सांगितलं, "ऐका रे, आपल्या बहिरीला आता लोकांच्या मनातलं ऐकू यायला लागलंय." हशा पिकला. तिला तो ऐकू आला नाही, पण तोंडं दिसली. मग तो तिच्याकडे वळून, तोंड फाडून, एकेक शब्द चावत म्हणाला, "तू. डिंक. लाव."

मग ती अल्थीयाकडे गेली. मीही बरोबर होतो. अल्थीया आरशापुढं बसून केस सोडवत होती. सगळं ऐकून ती हसली.

"मागू दे की. मला माहितीये तो मागणार आहे. आणि मी नाही म्हणणार आहे. लायमनला मी शब्द दिलाय."

"आणि दुसरा शब्द असला तर?" ड्रुसिलानं विचारलं.

अल्थीयाचा कंगवा थांबला. मग ती म्हणाली, "इश्श, हॅडन? त्याला झुरळ मारवत नाही. आणि मी आता भिते म्हटलं तर स्ट्राउड दुसरी बाई लटकवेल, आणि ती माझी जागाच घेईल." पण म्हणताना ती आरशातून आमच्याकडे बघत होती, आणि तिचा हात पुन्हा केसांकडे गेला नाही.

खानावळीत परतल्यावर ड्रुसिला दारात थांबून म्हणाली, "ती नाही म्हणणार आहे. म्हणजे तो शब्द 'मागणार' असला, तरी भीती संपत नाही." तोवर मला वाटत होतं, दोनांतला एक शब्द चांगला आहे.

शनिवारी सांता मोनिकाच्या वरच्या कड्यावर आम्ही सगळे चढलो. ऊन स्वच्छ होतं. खाली खडक, खडकांवर समुद्र फुटत होता. स्ट्राउडनं लायमनला बोलावलंच नव्हतं. त्याचं काम आदल्या दिवशी संपलं होतं आणि तो शहरात होता. ड्रुसिला जेवणाच्या डब्यांच्या ट्रकमध्ये बसून आली. तिच्या गळ्यात मिसेस प्राउटींच्या कै. नवऱ्याची नाटक बघायची दुर्बीण होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

आमच्या बाहेरच्या चित्रणाचा एक रिवाज सांगितला पाहिजे. उघड्यावर वारं सुटलं की भोंग्याचं बोलणं कळत नसे. म्हणून सुरुवात आणि शेवट व्हायोलिनवर ठरलेला होता. स्ट्राउडनं टोपी उचलली की मी वाजवायला लागायचं, गसनं, म्हणजे कॅमेरामननं, हँडल फिरवायला लागायचं. टोपी खाली आली की मी थांबायचं. व्हायोलिन थांबलं की सगळं थांबलं. गस माझ्या तालावरच हँडल फिरवायचा, त्याचा हात माझ्या व्हायोलिनच्या गजाला बांधल्यासारखा झाला होता. आणि बाकी कुणी कितीही ओरडो, "वाचवा" म्हणो, "मेलो" म्हणो, कुणी ढुंकून बघायचं नाही. ओरडणं हा नोकरीचाच भाग होता. मागं एक जण घोड्यावरून पडून खरोखर पाय मोडून घेऊन किंचाळत होता, तेव्हा स्ट्राउड म्हणाला होता, "आज या पोराला जमलंय."

अल्थीयाच्या पांढऱ्या पोशाखाखाली, कमरेला दोर बांधला. तिला कड्याच्या कडेवरून हळूहळू खाली सोडलं. वर हॅडन पोटावर पालथा पडला आणि दोर दोन्ही हातांनी धरला. दोराचं मागचं टोक एरवी जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधायचे. मी खुंटी शोधली. दिसेना. सामान सांभाळणाऱ्या माणसाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "खुंटी चित्रात येत होती. हॅडन म्हणाला, काढा, मी धरतो, दंडात बळ आहे."

मी ड्रुसिलाकडे तोंड करून तिला हे सांगितलं. तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली.

टोपी वर गेली. मी वाजवायला लागलो. बाजूच्या फळ्यांवर कॅमेरा घेऊन उभा असलेला गस हँडल फिरवत होता, तिथून त्याला वर हॅडनचं तोंड आणि खाली अल्थीया, दोन्ही दिसत होतं; आम्हीही त्याच्याच मागं उभे होतो. स्ट्राउडचा भोंगा सुरू झाला. "घट्ट धर! तुझा जीव आहे ती! बघ तिच्याकडे!" आणि माझ्या शेजारी तो सपाट आवाज, माझ्याच कानापुरता.

"तो म्हणतोय, 'आता सांग.' ती म्हणतेय, 'काय सांगू.' तो म्हणतोय, 'माहितीये तुला.' ती... ती 'नाही' म्हणतेय. 'हॅडन, वर घे.' नाही म्हणतेय ती, प्रोफेसर."

दोर एकदम खाली सरकला. वीतभर, जास्त नाही. अल्थीयाचं अंग लोंबकळून खडकाला आपटलं. खाली एक लाट फुटली आणि तिचे तुषार तिच्या बुटांपर्यंत उडाले.

"वा!" स्ट्राउड भोंग्यातून ओरडला. "भीती! हीच भीती मला हवी! तशीच राहा!"

"तो पुन्हा तेच म्हणतोय," ड्रुसिला म्हणाली. "तोच शब्द. मागतो की पाडतो. तोच. प्रोफेसर, मला कळत नाहीये."

मग ती किंचाळली. "थांबवा!" ती कधीच मोठ्यानं बोलत नसे, तिला आपला आवाज किती मोठा आहे तेच कळत नसे, आणि त्या दिवशी तिनं तो सगळा सोडला. कुणी मान वळवली नाही. स्ट्राउड एवढंच म्हणाला, "ओरडू दे तिला. आवाज कुठं छापतोय आपण?"

दोर आणखी सरकला.

ड्रुसिलानं तळहात माझ्या व्हायोलिनच्या तारांवर आपटला. गज खर्रकन घसरला आणि बंद पडला. गसचा हात जागच्या जागी थांबला. स्ट्राउडनं भोंगा खाली घेतला आणि मला खाऊ की गिळू असं बघितलं. सेटवरची सगळी माणसं गप्प झाली. तिथं इतकी वर्षं काम करून अशी शांतता मी पहिल्यांदा अनुभवली. आणि त्या शांततेत हॅडन क्रेचा आवाज, खाली अल्थीयाला ऐकू जावा म्हणून चांगला मोठ्यानं काढलेला, आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.

"मी तुला नीट मागतोय. हो म्हण आणि वर ये. नाही म्हणालीस तर पाडतो, आणि हे सगळे म्हणतील, बिचाऱ्याचा हात निसटला."

"हो," अल्थीया म्हणाली. "हो. हो. वर घे."

मग हॅडनला शांतता जाणवली आणि त्यानं मान वर केली. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. एकट्या ड्रुसिलाला काही ऐकू आलं नव्हतं. ती हॅडनकडे नाही, आमच्या चेहऱ्यांकडे बघत होती, एकामागून एक, आणि काय झालं ते तिथून वाचत होती.

पहिल्यांदा गस धावला. मग सामानवाले. दोर त्याच्या हातून घेतला आणि अल्थीयाला वर ओढलं. ती कडेपासून रांगत रांगत लांब गेली आणि गवत मुठीत धरून पडून राहिली. हॅडन उठला. गुडघ्यांची धूळ झटकली. त्याची ती सुरेख हनुवटी जरासुद्धा हलत नव्हती.

"मी तिच्या चेहऱ्यावर भीती आणत होतो," तो स्ट्राउडला म्हणाला. "आली की नाही?"

मला वाटलं, स्ट्राउड त्याच्या थोबाडीत देईल. स्ट्राउडनं खाली बघितलं, मग गसच्या कॅमेऱ्याकडे बघितलं.

"आली," तो म्हणाला.

ट्रामनं परत येताना ड्रुसिलाचा तळहात तारांनी कापलेला होता, रुमाल गुंडाळून ती बसली होती. माझ्याकडे तोंड वळवून म्हणाली, "कुठला शब्द होता?"

"दोन्ही," मी म्हटलं.

ती खिडकीबाहेर बघू लागली. मग मी झोपलोय की जागा आहे हे न बघताच, म्हणाली, "मला वाटत होतं, माझीच नजर कमी पडतेय."

अल्थीया आणि लायमन पुढच्या आठवड्यात आगगाडीत बसले आणि पूर्वेकडे गेले ते परत आले नाहीत. हॅडनला कुणी काही विचारलं नाही. ती थट्टा होती असं स्टुडिओत ठरलं, आणि ठरलं म्हटल्यावर जे लोक तिथं हजर होते त्यांनाही ते हळूहळू आठवायला लागलं. मी एकदोनदा तोंड उघडलं, तेव्हा मला सांगण्यात आलं की रडवणारे दुसरेही पुष्कळ मिळतात. तो तुकडा, म्हणजे माझा गज बंद पडेपर्यंतचा, टाकून दिला नाही. तो जोडायला ड्रुसिलाच्याच टेबलावर आला. अल्थीयाचं 'नाही' आणि हॅडनची पुढची वाक्यं कापली आणि त्या जागी एक पाटी आली. तिनं डिंक लावला, दाबून धरला. मी विचारलं, फेकून का नाही दिलास? ती म्हणाली, "मूळ फीत त्यांच्याकडे आहे. दुसरीनं चिकटवला असता. तिला काय चिकटवतोय ते कळलंही नसतं."

पट लागला तेव्हा आम्ही दोघं बघायला गेलो. मला जायचं नव्हतं, तिनं नेलं. थिएटर भरलं होतं. ती नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसली. कड्याचा प्रसंग आला तशी माणसं पुढं सरकून बसली. पियानोवाला गोड काहीतरी वाजवत होता. हॅडन दोर धरून होता, अल्थीया खाली लटकत होती, तिचे डोळे भीतीनं पांढरे झाले होते आणि तिचे ओठ हलत होते. मग पाटी आली. "मी तुझीच, जन्मभर!" आमच्या पुढच्या बाईनं डोळ्यांना रुमाल लावला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

ड्रुसिलानं माझा हात घट्ट धरला. आणि ती बोलली, त्या अंधारात, त्या सपाट आवाजात, सगळ्या रांगांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"ती तसं म्हणत नाहीये. ती म्हणतेय, 'नको. मी मरेन. वर घे.'"

पुढच्या बाईनं मान वळवली. तिचे गाल ओले होते.

"शू," ती म्हणाली. "जरा वाचू द्या की आम्हाला."